फट् आवाजाचं मूळ

प्रिय लंब्या,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. दचक, पण फाडू नकोस. आपल्या बँडचं ते गिटारचं निळं पेडल आज सकाळी गप्प बसलं रे! मोजून शंभर वेळा पाय दिला, एकदाही ‘फट्’ नाही. वर्कशॉपमध्ये एकटीच नाचले.

झालं असं, की गेल्या महिन्यात संगीत शिकवणाऱ्या एक बाई त्यांचं गिटारचा आवाज बदलायचं पेडल दुरुस्तीला घेऊन आल्या. सारखी खरखर, आणि पायाने चालू केलं की फटाका. वर्गातली मुलं आधीच कानांवर हात ठेवून बसायची म्हणे. खरखर लवकर सापडली. पहिल्याच टप्प्यात जुने कार्बनचे रेझिस्टर होते. वीज वाहताना ते स्वतःच कुजबुजतात आणि पुढची सर्किटं ती कुजबुज मोठी करून गावभर करतात. मेटल फिल्मचे बसवले, खरखर गेली. फटाका मात्र हटेना. स्विच बदलला, वायरी बदलल्या, डोकं पिकलं. मग लक्षात आलं, की पेडल बंद असताना आत येणाऱ्या वाटेवरच्या कपॅसिटरचं एक टोक अधांतरी लटकतं. तिथे चार्ज साचतो आणि पाय दिला की एकदम सुटतो. त्या टोकापासून ग्राउंडपर्यंत एक मेगाओहमचा रेझिस्टर लावला की चार्ज मुकाट्याने निघून जातो. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू! काल सोल्डरिंगचा एक डाग दिला आणि बाईंनी तिथेच मला मिठी मारली.

त्या गेल्यावर मी आपलं निळं पेडल उघडलं. तोच रेझिस्टर तिथे नव्हता. आज सकाळी तो बसवला आणि फटाका गेला.

तुला आठवतंय ना, स्पर्धेची अंतिम फेरी, तुझी ती हळुवार सुरावट, सभागृह चिडीचूप, आणि फट्! लोक खो खो हसले. ‘याचा पायच जड आहे,’ असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तू गिटार पेटीत ठेवलीस. तुझी ताई सांगत होती, तेव्हापासून पेटी उघडलीच नाहीस.

लंब्या, तो रेझिस्टर आदल्या दिवशी मीच काढला होता. त्याने सूर दबतो असं वाटलं, म्हणून, तुला न विचारता. संशय मला त्याच संध्याकाळी आला होता, खात्री काल झाली. कबूल करायची छाती नव्हती. आज दुपारी बँडच्या तालमीत सगळं सांगितलं. आपला ड्रमर म्हणाला, ‘आधी त्याला बोलाव, मग तुझ्याशी बोलतो.’ म्हणून हे पत्र. चूक माझी होती, तुझा पाय अगदी हलका आहे. रविवारी मोठ्या सभागृहात आपला कार्यक्रम आहे आणि जाहिरातीत मी तुझं नाव सगळ्यात वर छापून घेतलंय. आता ये आणि वाजव.

तुझीच,
डागदरीणबाई