पाय तुझा, कान माझा

पाटस, ता. दौंड
१८ नोव्हेंबर २०२४

चि. धुरपदास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडं सगळे खुशाल. फोनवर तुझं बोलणं मला उमजत नाही, म्हणून लहान बहिणीला कागदावर गाठतोय.

काल तुझ्या सुनेनं, नीलमनं, तुझ्या वहिनीला सांगितलं की खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना उलटला तरी तू खाटेवरच आहेस. डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं की हाड पक्कं बसवलंय, आता वॉकर धरून रोज चालवा. मग तो वॉकर काय ओले टॉवेल वाळत घालायला आणलाय? पडून राहिलीस तर मांड्या वाळतील, आन् उद्या उठायचं म्हटलं तरी पाय साथ देणार नाहीत. मी चौऱ्याहत्तरीचा, तरी सकाळी कालव्याच्या कडेनं फेरी मारून येतो. तू तर माझ्याहून लहान.

वहिनीनं शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत. ते उभं राहून खायचे.

तू बरी होण्याकडं डोळे लावून बसलेला,
मारुतीआप्पा

तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर
१ डिसेंबर २०२४

ती. आप्पांना,
धुरपदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लाडू बसूनच खाल्लं, राग मानू नका.

आप्पा, दुखणं येगळं आन् भ्या येगळं. न्हाणीत पाय घसरला तवा घरात कुणी नव्हतं. बाहेर मोटर चालू व्हती, माझी हाक कुणापातुर गेली न्हाई. गार फरशीवर पडून मी नुसती छताकडं बघत व्हते. अजून पाय खाली सोडला की ती फरशीच दिसती. माझा ईश्वर म्हणतो, आई, तू हालूच नको, आम्ही हाय ना. नीलम ताट खाटेवर आणती. पोरं सोन्यासारखी हायती, त्यांना काय नावं ठेवू?

पर तुमचं काय? वहिनींनी मला सगळं सांगितलं. मागनं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत आला आन् तुम्ही रस्त्याच्या मधनं आपले चाललेले. डायवरनं ब्रेक दाबला म्हणून वाचला. डॉक्टर कवाचे कानाचं मशीन घ्या म्हणत्यात. तुम्ही सोसायटीच्या मीटिंगला जायचं सोडलं, पारावर बसायचं सोडलं, आन् घरात टीव्ही एवढा मोठा लावता की वहिनी ओट्यावर जाऊन बसत्यात. तवा मला शिकवू नका. तुम्ही कानात मशीन घाला, मी भुईवर पाय टेकते. मागं सरंल तो हरला.

भांडले तरी माया कमी करू नका.
तुमची धुरपदा

पाटस
२२ डिसेंबर २०२४

चि. धुरपदास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनीशी अबोला धरला. पण बहिऱ्याचा अबोला कुणाला कळायचा? तिला पत्ताच लागला नाही.

तुला खरं सांगतो. मागं मीटिंगमध्ये चेअरमननं पाण्याच्या पाळीबद्दल विचारलं आन् मी उत्तर दिलं खताबद्दल. सगळे हसले. वाईट मनानं नव्हे, पण हसले. त्या दिवसापासून मी तिकडं फिरकलो नाही. मशीन लावलं तर म्हातारपणावर शिक्काच बसेल असं वाटायचं.

दौंडला जाऊन कान तपासले, मशीन घेतलं. पहिल्या दिवशी भांडी, बांगड्या, फॅन, सगळं डोक्यातच घुसलं. संध्याकाळी काढून कपाटात टाकलं. मग तुझी पैज आठवली. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की रोज थोडा थोडा वेळ वाढवा, सवय होईल. तसं करतोय. परवा पारावर गेलो. लोकांनी मशीनकडं एकदा पाहिलं आन् आपापल्या गुडघ्यांचं रडगाणं लावलं. मी उगाच लाजत होतो.

माझा कान हजर आहे. तुझा पाय कुठाय?

वाट पाहणारा,
आप्पा

तळेगाव ढमढेरे
१९ जानेवारी २०२५

ती. आप्पांना शि. सा. न.

तिळगूळ पाठवलाय. पाय भुईवर हाय.

नीलमला म्हणाले, व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओबाईंना बोलाव. ईश्वर आडवा आला. पुन्हा पडलीस तर काय करायचं, म्हणाला. मी त्याला म्हणाले, चालायला शिकताना तू धडाधड पडायचास, म्हणून मी काय तुला पाळण्यात बांधून ठिवलं व्हतं? दुसऱ्या दिवशी त्यानं न्हाणीत भिंतीला धरायला दांडे बसवले आन् गुळगुळीत फरशी काढून खरबरीत घातली. नीलमला मातर लागलं. तिला वाटलं, आपली सेवा आत्याबाईंना गोड लागली न्हाई. तिला जवळ बसवून सांगितलं, तुझ्या हातचं खाऊन ताकद आली हाय, आता ती वापरू दे.

पहिल्यांदा उभी राहिले तवा ती फरशी डोळ्यांपुढं आली. नीलमनं हात जवळ आणला, पर मला धरलं न्हाई. मी उभी राहिले. मग रडले.

आता खुर्चीतनं हात न टेकता उठते. ओट्याशी उभी राहून भाकरी थापते. बाजारालाबी वॉकर घिऊन जाऊन आले. तिथं माझी जुनी मैतरीण भामाबाई भेटली, ती आन् शेजारची बयाबाई आता संध्याकाळी आमच्या अंगणात येत्यात. फिजिओबाईंनी शिकवल्यापरमानं भिंतीला धरून आम्ही एकेका पायावर उभ्या ऱ्हातो. जाणारे येणारे हसत्यात. हसू देत.

आता तुमच्या कानाची परीक्षा घ्यायला फोन करणार हाय.

तुमच्या मायेची,
धुरपदा

पाटस
२७ जानेवारी २०२५

चि. धुरपदास आशीर्वाद.

काल तुझा फोन आला. तू भाकरीचं सांगितलंस, भामाबाईचं सांगितलंस, ईश्वर तुला घेऊन यात्रेला इकडं येणार म्हणालीस. मी काहीच बोलेना, तेव्हा फोन कट झाला असं समजून तू ठेवून दिलास.

फोन कट झाला नव्हता, धुरपे. शब्द न् शब्द ऐकू आला. किती वर्षांनी तुझा आवाज नीट कानावर पडला, आन् तो हुबेहूब आपल्या आईसारखा झालाय. मला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर तोंडातून शब्द फुटेना.

पुढच्या खेपेला मी गप्प बसलो तर फोन ठेवू नकोस. बोलत राहा.

तुझा,
आप्पा