टाके मात्र उत्तम होते

दादा, धाकटीचा वाकून नमस्कार.

"ऑपरेशन यशस्वी झालं" असं सांगून ज्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी आईचं प्रेत दिलं, ती आपण दोघं भावंडं. म्हणून हे तुलाच लिहिते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वहिनीला सांग, स्वेटर झकास बसला.

गेल्या आठवड्यात इथे इस्पितळात डॉक्टरांनी एका शिंप्याच्या बायकोचं फुटलेलं आतडं शिवलं. पोटावरचे टाके बघून शिंपी म्हणाला, "सिस्टर, डॉक्टरांना माझ्या दुकानात पाठवा, काय हात बसलाय!" संध्याकाळी तिला श्वास पुरेना. श्वास देणारं यंत्र एकच, त्यावर दुसरा रोगी. मग तिच्या घशातल्या नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती दाबायला नवऱ्याला शिकवलं. बत्तीस खाटांना मी एकटी. दुसऱ्या दुपारी तिच्या खाटेपाशी फिरून आले, तर ती केव्हाच गेली होती आणि तो दाबतच होता.

"थांबा, मामा."

"सिस्टर, माझं काही चुकलं का?"

त्याचं नाही चुकलं, दादा! ऑपरेशनच्या खोलीची फीत कापायला सगळे येतात. नंतर त्या माणसाला जगवायला कुणालाच नेमत नाहीत. हे नशीब नव्हे, अन्याय आहे. आईच्या वेळी आपण गप्प बसलो.

बाबांचं ऑपरेशन सोमवारीच ना? घाबरलेत का ते? संमतीच्या कागदावर सही करण्याआधी त्यांची ऑपरेशननंतरची खाट स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि विचार, "यांच्याजवळ कोण बसणार?" त्या माणसाचं नाव कळल्याशिवाय सही करू नकोस.

तुझी,
धाकटी