पंचेचाळीस दात्यांचा गिअर

३ मार्च, मंगळवार

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी धाकटीने बाबांचा लोखंड कातायचा लेथ पळवला. पळवला – दुसरा शब्द नाही! टेम्पो, चार हमाल, साखळी-कप्पी. मला कळलं दुपारी, वर्कशॉपशेजारच्या कुलूपवाल्याकडून. बाबांचं घर विकण्याआधी सामान दोघींनी मिळून बघायचं ठरलं होतं. फोन केला. म्हणते, "तुला काय करायचाय तो, ताई? गंजत पडला होता."

काय करायचाय हा प्रश्नच नाही. विचारायला हवं होतं.

४ मार्च

भाजी करपली. तीही तिच्यामुळेच.

८ मार्च, रविवार

गेले. नुसतं बघायला. तिच्या गॅरेजात सात माणसं कोंडाळं करून उभी आणि मध्यभागी ही – अंगात बाबांचा निळा डगला! लेथ शंभरी ओलांडलेला. गंज उतरवलाय, पितळी तेलवाट्या लखलखतात, चामड्याचा पट्टा नवा घातलाय. वर बाईंचं प्रवचन: "आधी हत्यार हाताने धरायचे. मग कोणीतरी ते सरकत्या गाड्यावर बसवलं, गाडा स्क्रूने ओढला, आणि एकसारखे आटे पडायला लागले. नाहीतर याचा नट त्याच्या बोल्टला बसेल तर शपथ!" एक दाताचे डॉक्टर तोंड उघडं टाकून ऐकत होते. रोज दुसऱ्यांना उघडायला लावतात, आज स्वतः!

मग माझं बोट धरून लेथच्या पाटावर फिरवलं. कातायचा तुकडा पकडणाऱ्या चकजवळ लोखंड किंचित झिजलंय – जिथे सगळ्यात जास्त काम झालं तिथे. "यात माझीही वीस वर्षं आहेत हं."

माझं काय आहे? अकराव्या वर्षी मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात धाडलं – "ही हुशार आहे." धाकटी मठ्ठ, म्हणून ती घरी, खोक्यावर उभी राहून बाबांच्या कोपराशी. मला शुद्ध इंग्रजी मिळालं. तिला बाबा.

गिअर टांगायची फळीसुद्धा उचलून आणलीय. एक खिळा रिकामा. मी तिकडे बघितलं नाही.

११ मार्च

पेपरात तिच्यावर अर्धं पान. शुद्धलेखनाच्या नऊ चुका. मोजल्या. फोटोत हसते मात्र थेट बाबांसारखी. माझं हसणं आईच्या माहेरचं.

१२ मार्च

तिचा फोन. एक गिअर सापडत नाही, पंचेचाळीस दात्यांचा. त्याच्यावाचून बारीक आटे पडत नाहीत. "नवा करून घेऊ का, ताई?" मला कशाला विचारते? लेथ नेताना विचारलं होतं?

तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. वसतिगृहात जायला निघाले त्या सकाळी ट्रंकेत टाकला. मी गेल्यावर त्यांचं काहीतरी अडावं, एवढंच. मदरनी विचारलं, हे काय? म्हटलं, पेपरवेट. "अकरा वर्षांच्या मुलीचे असे कोणते कागद उडतात?"

अठ्ठावन्न वर्षं झाली. नाही देणार! अडू दे.

१४ मार्च

धाकटी स्वतः आली. चहा नको म्हणाली. दारातच उभी.

"मी बाबांना दोनदा नवा करून आणून दिला होता. दोन्ही वेळा त्यांनी काढून ठेवायला लावला. म्हणाले, मोठीने नेलाय, ती आणेल. मागायचा नाही. बारीक आट्यांची कामं परत पाठवली, पण खिळ्याला दुसरं काही लावू दिलं नाही. मी वीस वर्षं त्या खिळ्याखाली उभी होते, ताई. म्हणून विचारलं."

गेली.

दर सुट्टीत घरी जात होते मी. त्यांनी एकदाही विचारलं नाही. गिअर इथे, खणात.

१५ मार्च

कुलूपवाल्याच्या हाती पाठवलेल्या चिठ्ठीची नक्कल:

गिअर सोबत आहे. त्याच खिळ्याला लाव. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, खोकं लागणार नाही. मला आटे पाडायला शिकवणार की नाही, ते शनिवार २१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही.