अंगठा माझाच आहे

मंगळवार, दुपार

चि. भोपळ्या,

तुला एक आजी आहे, आठवतं का? बुटकी, बोळक्या तोंडाची, जिचं नाक तू घेऊन फिरतोस ती. मागच्या महिन्यात या बोळक्यासाठी तू कडक बिस्किटं पाठवलीस, तेव्हाच समजलं, गोलकीपर झाल्यापासून तुला चेंडूखेरीज काही आठवत नाही. असो. पोतंभर आशीर्वाद. गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "बरं आजी, ठेवतो" म्हणतोस. कागदापुढे ते चालत नाही. लिहून कोण घेतंय ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर फाडशील.

तर तुझा तो शिडी, तुमच्या संघातला दुसरा गोलकीपर. त्या रविवारी तुझ्या हातून चेंडू निसटला, गोल झाला, आणि कोचने तुझ्या जागी त्याला उभं केलं. तू म्हणालास, त्यानेच हातमोज्यांना काहीतरी फासलं, म्हणून तळवे कडक झाले. क्लबात तक्रारही दिलीस. येत्या शनिवारी त्याला क्लबातून काढणार म्हणे. मीही मान डोलावली. ज्याचं डोकं दाराच्या चौकटीत मावत नाही, त्याचा काय भरवसा?

काल तो इथे आला. मी दार अर्धंच उघडलं.

"आजी, एकच विचारतो. सामन्याच्या आदल्या दिवशी हातमोजे कुणी धुतले होते का?"

"मी काय धोबीण आहे?"

तो हसला. "बाकावर पडलेले पाहिले मी. आच लागली की रबर तसं तडकतं. माझ्या आईने माझे एकदा असेच केले होते."

"बस, चहा टाकते," म्हटलं, आणि आत जाऊन बराच वेळ चहाच टाकत राहिले.

आता ऐक. सामन्याच्या आदल्या रात्री, शनिवारी, तू इथे माझ्याकडे जेवून झोपलास. तुझ्या पिशवीला असा वास होता की मांजरानेही घर सोडलं. हातमोज्यांना हात लावायचा नाही, ही तुझी ताकीद मला तोंडपाठ आहे. तरी उकळत्या पाण्यात घातले, कपड्यांचा साबण चोळला, आणि सकाळपर्यंत वाळावेत म्हणून शेगडीच्या कडेला ठेवले. पुठ्ठ्यासारखे झाले. वाटलं, घातले की नरम पडतील. गुपचूप पिशवीत ठेवून दिले.

तू हरून आलास, शिडीचं नाव घेतलंस, आणि मी गप्प बसले. तू माझ्याशी बोलायचा नाहीस, या भीतीने दुसऱ्याच्या घरचं पोर बळी जाऊ दिलं.

काल चहा देताना हे सगळं मी शिडीला सांगून टाकलं. त्याला ते कोचला परस्पर सांगता आलं असतं. म्हणतो, "आधी तुम्ही त्याला सांगा." एवढा चांगुलपणा मला पचत नाही, म्हणून आज त्याला पुन्हा बोलावून पत्र त्याच्याचकडून लिहून घेतेय. हो, शिडीच लिहितोय. इथवरचं त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं, मग त्याला जिन्यात उभं करून शेजारच्या शिंपीणबाईंकडून चौथ्यांदा. शब्द इकडचा तिकडे नाही. अक्षर तेवढं गचाळ आहे, म्हणाल्या.

पत्र तोच आणून देईल. शनिवारच्या आत कोचला दाखव आणि तक्रार तुझ्या तोंडाने मागे घे. जागा तुला परत मिळेल की त्याच्याकडेच राहील, ते मी सांगू शकत नाही.

खालचा अंगठा माझाच आहे. शाई सापडली नाही, शेगडीची काजळी लावली.

तुझी,
हात लावू नको म्हटलं तिथेच हात लावणारी आजी

ता. क. मऊ बिस्किटं पाठव, दोन पुडे. पोस्टाने नको. शिडीच्या हाती पाठव.