गुलाबी पाणी

३ जून, सोमवार
आले एकदाची! मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर आजपासून माझ्या ताब्यात. ऐंशी मुली, एक आचारी, एक भांडीवाली मावशी आणि देखरेखीला मी. खरं कारण वेगळंच आहे. माझी सहा वर्षांची नात इथे पहिलीत आहे. लेक-जावई दूरदेशी, म्हणून चिमणीला रोज डोळे भरून बघायला या वयात नोकरी धरली. खोली टीचभर आहे, पण खिडकीतून अंगणापलीकडे तिचीच खिडकी दिसते.

६ जून
नळाशेजारी एनॅमलच्या भांड्यात पोटॅशिअम परमँगनेटचं गुलाबी पाणी ठेवलं, अगदी आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असायचं तसं. सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून त्यात हात बुडवायला लावायच्या. साबण आहे, वाहतं पाणी आहे, मग बाईंचं हे सरबत कशाला, असं आचारी मावशीच्या कानात बोलला. मी ऐकून घेतलं. पहिले हात माझे, मग मावशीचे, मग त्याचे. दुपारी पाणी तपकिरी झालं की बदलायचं, हीसुद्धा सिस्टरांचीच रीत.
मग मी फळं चिरायला बसते. हे काम कुणाला देत नाही. मुली बश्या लख्ख करतात. चिमणी तेवढी नाक मुरडते, फळाला शिवत नाही. रोज गोष्टीची लाच देऊन बघते, पण छे!

११ जून
आज शाळा फार आठवली. नऊ वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता. सगळ्यांत आधी मीच बरी झाले. सिस्टरनी कौतुकाने मला पाव कापायचं काम दिलं. साथ मात्र वाढतच गेली. शेजारच्या खाटेवरची माझी मैत्रीण गेली. तिच्या वेण्या मीच घालायचे.

१७ जून
तीन मुली तापाने फणफणल्यात. हवा बदलली असेल.

२० जून
अकरा. डॉक्टर म्हणाले, टायफॉइडच. टाकीचं पाणी तपासलं, दूध तपासलं, दोन्ही स्वच्छ. आता स्वयंपाकघरातल्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने नेलेत, माझाही. मी चुलीजवळ जातसुद्धा नाही, असं म्हटलं. ते हसले नाहीत. काही माणसं आजारातून उठतात पण आजार त्यांच्यातून उठत नाही, म्हणाले. ठणठणीत दिसतात आणि जन्मभर वाटत फिरतात.
मावशी नोकरी जाईल म्हणून रडतेय. मी आचाऱ्याच्या नखांकडे बघत बसते.

२४ जून
एकोणीस. कोपऱ्यातल्या खोलीतली दोन वेण्यांची पोर आज पहाटे गेली.
वर्ग बंद. बऱ्या मुलींनी आपापल्या खोलीतच राहायचं. चिमणी बरी आहे. देवा, तेवढी बरी आहे. माझे डोळे पुसत म्हणाली, “आजी, रडू नको ना. उद्या मी तुझं फळ खाईन. सगळं.”

२५ जून, सकाळ
फोडी अगदी बारीक केल्या. डबा तिच्या हातात दिला. जेवणाच्या घंटेला उघडते म्हणाली.

२५ जून, साडेअकरा
तपासणीचे कागद आले. आचारी— काही नाही. मावशी— काही नाही.
डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “बाई, लहानपणी टायफॉइड झाला होता का?”

पाव मी कापत होते.
लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाई. मग धाकटे दीर. दोघांना शेवटपर्यंत मीच भरवलं— या हातांनी—
रोज भांड्यात पहिले हात माझे. मग त्या दोघांचे. त्याच पाण्यात.

रेक्टरबाईंनी बाहेरून कडी लावलीय. हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत, म्हणाल्या.

डबा!

दार वाजवलं. कुणी नाही. खिडकी उघडत नाही. ओरडून घसा बसला— काचेपलीकडे काही जात नाही—

घंटा झाली.
चिमणी खिडकीत येऊन बसलीय. मांडीवर डबा. मी दोन्ही हात हलवले, नको, नको— तिला वाटतंय आजी टाटा करतेय. तीही हात हलवतेय. हसतेय. झाकण काढलं. पहिली फोड उचलून मला दाखवली आणि—