डाव्या चाकावरची कणीक

अप्पा, तुमची लाल गाडी मी शेडमधून बाहेर काढली. तीच, दोन दारांची, बुटकी, पळायसाठी बनवलेली आणि आयुष्यभर बसून राहिलेली. चादरीच्या कारखान्याच्या मालकांनी नोकरी सुटताना ती तुम्हाला, आपल्या ड्रायव्हरला, देऊन टाकली तेव्हा आई म्हणाली होती, "चार माणसं मावत न्हाईत, त्याला काय गाडी म्हणायचं?" तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात मी दहावी नापास झालो, मग घरात टिकलोच नाही. हुबळीत ढाबा, गोव्यात बोटी, मधेच सांगोल्यात डाळिंबं भरली, ती गोष्ट वेगळीच आहे, असो. आता आलोय ते ही गाडी घेऊन कायमचं निघायला. पण टायर सगळे तडकलेत, आणि तेरा इंचाच्या जुन्या रिमला बसेल असं रबर इथं मिळेना.

टायरवाला म्हणाला, "पंधरा घाल की लेका, वाघावानी दिसंल!" मलाही तेच हवं होतं. तुमचा नियम डोक्यात होता: रिम वाढली की रबराची उंची कमी करायची, बाहेरचा घेर तोच राहिला पाहिजे, "न्हायतर वेगाचा काटा खोटं बोलतो." घेर जुळवला, पण टायर रुंद झाला. तो मडगार्डला घासतो का, हे बघायचं राहिलं. आणि आपलं स्वयंपाकघर समोर येतं. तुम्ही परातीतला गोळा उचलताय, आई लाटणं उगारतेय. "चाकाला चपात्या करून घाला की!" "अगं, भाकरीचं पीठ तडकतं. हितं कणीकच लागती." मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला कणकेची वळी चिकटवायची, खड्ड्याखुड्ड्यातून गाडी फिरवून आणायची, वळी चेपली तर टायर घासणार. "माणूस बसतो त्या अंगाला जास्त चेपती," असं म्हणून तुम्ही डाव्या सीटवर धपकन बसायचात. मला शिकवताना तुमची जागा तीच. गतिरोधक आला की तुमचा पाय ब्रेक दाबायचा, त्या बाजूला ब्रेक नसताना. "हळू! बूड टेकत न्हाय तुजं कुटं, गाडीत तरी टेकव."

परवा आईकडं कणीक मागितली. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. मळून दिली आणि म्हणाली, "डावीकडं जरा जाड लाव."

भर दुपारी, पंधराची चाकं लावून, कुंभारीच्या रस्त्याला गेलो. एकटाच. उन्हात रस्ता नुसता हलत होता, कुत्रंसुद्धा नव्हतं. गतिरोधकाच्या अलीकडं डाव्या सीटपुढं, पाय ठेवायच्या पत्र्यावर ठप्प वाजलं. मी तिकडं न बघताच वेग कमी केला. परत येऊन वाकून बघतो तर माझ्या बाजूची, उजवी वळी जशीच्या तशी. डावी पापडासारखी चेपलेली, टायरच्या नक्षीसकट. मागची चाकं डावी-उजवी अदलाबदल केली, नवी कणीक लावली, पुन्हा गेलो. तेच. आणि उभ्या गाडीला बोटं लावून बघतो, तर दोन्हीकडं जागा सारखीच.

टायरवाला हसला नाही. "डावी स्प्रिंग मेली आसंल. उभ्याला कळत न्हाय, दणक्याला दबती. ती बदल, मग पंधरा बिनघोर घाल. का शेजारी कुणी बसलं हुतं?"

"चौदाच बसव," मी म्हणालो. "जरा अरुंद."

"आरं, एकट्याला पंधरा चालतंय की."

"एकटा न्हाय," माझ्या तोंडून गेलं.

चौदाची बसली. घेर तोच, काटा खरं बोलतो. डावी वळी अजून थोडी दबते, पण टायर घासत नाही. तेवढी जागा मी ठेवलीय.

उद्या निघतोय. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? गाडीतल्या तुमच्या बाजूच्या खणात राहू दे. नवी स्प्रिंग आणलीय, अप्पा, डिकीत पडून आहे. टायरवाला रोज विचारतो, मी काहीतरी सांगून टाळतो. तुमची भीती नाही वाटत मला. ती स्प्रिंग घातली आणि डावी कणीक शाबूत निघाली तर, याची वाटते.