कागद वाचल्याशिवाय ओवाळायचं नाही

आई, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहून काय उपयोग, अशी मी इतके दिवस स्वतःची समजूत घालत आले.

आमच्या बचत गटाने यंदाच्या निवडणुकीत एक ठरवलं. प्रचाराला येईल त्या उमेदवाराला आमचा कागद वाचल्याशिवाय ओवाळायचं नाही. कागदावर मागणी एकच. नवऱ्याने मारून बाहेर काढलेल्या बाईला लेकरांसह चार दिवस टेकता येईल अशी जागा तालुक्याला, शेवगावात हवी, आणि तसा शब्द सगळ्यांसमोर द्यावा. कल्पना माझीच. बायकांनी ओवाळल्याशिवाय उमेदवाराचा प्रचाराचा फोटो पुरा होत नाही, हे मला पक्कं ठाऊक. गटात शेजारची सूनही आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिचा ओठ फुटलेला मी दोनदा पाहिलाय. दुसऱ्यांदा एवढंच बोलून गेले, माझ्या आईनेही असंच सोसलंय. ती म्हणाली, "मावशी, आधी तुमी बोला. तुमी तुमच्या आईचं सांगितलं, तर मीबी माझं सांगीन."

तुझं काय सांगायचं, याचाच मी आठवडाभर विचार केला. चुलीपुढची ती सकाळ आठवते. भाकरी करपली म्हणून अण्णांनी तुझा हात तव्यावर दाबला होता. शाळेत बाईंनी विचारलं, डोळे का सुजलेत, आणि मी सगळं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत ते तुझ्या कानावर आलं. मार खाऊन कधी न चिडणारी तू माझ्यावर मात्र केवढी चिडलीस! "घरची अब्रू येशीला टांगती व्हय गं?" म्हणालीस, आणि त्याच भाजलेल्या हाताने मला जवळ घेतलंस. त्यानंतर मी कुणाला त्यातलं काही सांगितलं नाही. मला अजून तुझा राग येतो, आणि राग आला की रडूही येतं.

परवा उमेदवार आले. मारुतीच्या देवळापुढे खुर्च्या मांडलेल्या. अण्णा पहिल्या रांगेत. बाप म्हणून आता मीच त्यांना सांभाळते, ऐंशी ओलांडली, काठीशिवाय उठवत नाही. उमेदवार थेट त्यांच्या पाया पडले. मग आमचा कागद चाळून हसले. "ताई, आपल्या गावात कुठं हाय असलं काही? एक घर दाखवा, उद्याच जागा बघू."

घर समोरच बसलं होतं. मी तोंड उघडलं. शेजारची सून मागून माझा पदर धरून उभी. तेवढ्यात अण्णा काठी आपटून म्हणाले, "ओवाळ की गं! पाव्हणं खोळंबलेत."

आणि मी ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या. बायका बघत राहिल्या. तिच्या हातून पदर केव्हा सुटला ते मला कळलंच नाही.

काल ती नळावर भेटली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मावशी. माझंबी काय एवढं न्हाई."

गटातल्या बायकांना मी सांगितलं, मेलेल्या आईची अब्रू चारचौघांत कशी काढू? सगळ्यांना पटलं. ते खोटं होतं, आई. तुझ्या आड लपले मी. अण्णांना आंघोळ मी घालते, चपला मी चढवते, आणि तरी त्यांचा आवाज चढला की ते म्हणतील तसं करते. मला त्यांची भीती वाटते. खरं तर हे तिला जाऊन सांगायला हवं, आणि मी तुला लिहीत बसलेय.